पेव बघायला गेलो होतो

या प्रवासात एक गाव येतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. विट्याच्या पुढे पूर्वेला, डांबरी रस्ता सोडल्यावर जीप अर्धा तास धूळ खाते, तिथे ते आहे. एवढं पुरे. प्रवासाबद्दल लिहिताना वाचकाला तिथे जावंसं वाटलं पाहिजे, असं म्हणतात. मी मात्र तुम्ही तिथे जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

नव्वदीत आमच्याकडे 'आंतरविद्याशाखीय' या शब्दाला फार भाव आला. एका विषयाच्या माणसाने काही केलं तर ते साधं संशोधन, आणि तीन विषयांची माणसं एका जीपमध्ये कोंबली की तो प्रकल्प. आमचा प्रकल्प होता आपत्तीत तगून राहणाऱ्या गावांचा. दुष्काळी भागातली काही गावं उठून जातात आणि काही तग धरतात, ते कशाच्या बळावर, हे आम्ही शोधणार होतो. पथकाचे प्रमुख डॉ. देवस्थळी, अर्थशास्त्राचे. पाठारे स्थापत्य अभियांत्रिकीचे, त्यांच्याजवळ मोजमापाच्या यंत्रांची एक निळी पेटी असे. आणि मी, वनस्पतिशास्त्राची. चौथा ड्रायव्हर. चौघांत आपलं काम नीट येणारा तो एकटाच होता, हे मला परत आल्यावर कळलं.

सातारा

माघ महिना होता. पुण्याहून निघालो तेव्हा देवस्थळींनी टंकलिखित कार्यक्रम हातात दिला. पहिला मुक्काम सातारा, मग ते गाव, शेवटी सांगली. मी म्हटलं, "सर, आधी सांगली केली तर? आपल्याला पेव बघायचंय. सांगलीत हळदीची पेवं आहेत, रोज पेवात उतरणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून आधी समजून घेऊ."

"बाई, सांगलीचं विश्रामगृह शेवटचे दोन दिवसच मिळालंय. बुकिंग झालंय," ते म्हणाले.

मी गप्प बसले. या प्रवासात मी दोनदा गप्प बसले, त्यातली ही पहिली वेळ.

वाईचा फाटा आला तेव्हा मी सवयीने उजवीकडे पाहिलं. माझं माहेर वाईचं. आमच्या आळीत नकार देणं ही एक कला आहे. दारात आलेल्याला "चहा टाकू ना?" असं विचारतात, आणि विचारण्याच्या सुरावरून आलेल्याला कळतं की टाकायचा नाहीये. माझी आई तर कुणाला न दुखवता तीन तऱ्हांनी 'नाही' म्हणू शकते आणि समोरचा आभार मानून जातो. लहानपणापासून मला वाटे की सगळ्या जगाला हे येतं.

साताऱ्यात संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात कंदी पेढे खात आमची चर्चा झाली. विषय असा की गावाच्या या तगून राहण्याला मराठी शब्द कोणता वापरायचा. पाठारे म्हणाले, "चिवटपणा." मला तो आवडला. देवस्थळींना तो चामड्याचा वाटला. दीड तास आणि अर्धा किलो पेढे खर्ची पडल्यावर 'पुनःस्थापनक्षमता' असा शब्द निघाला. तो मला आजही एका दमात म्हणता येत नाही. खाली बागेत माळी झाडांना पाणी घालत होता. त्याचं गाव माण तालुक्यातलं, हे मला सकाळी जाताना कळलं. दीड तास तो आमच्यापासून दहा हातांवर होता आणि आम्ही त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही.

मलकापूर, कडेगाव

दुसऱ्या दिवशी कराडला लागून मलकापूर आहे तिथे टायर बसलं. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. शोधता शोधता म्हणाला, "कुटं निगाला?"

"एका गावाचा अभ्यास करायला," पाठारे म्हणाले.

"मंग परीक्षा कुनाची? गावाची का तुमची?"

आम्ही हसलो. देवस्थळी जीपमध्येच बसून होते, त्यांच्यापर्यंत ते गेलं नाही.

कडेगावपर्यंत दुतर्फा ऊस होता. एका गुऱ्हाळावर थांबून रस प्यायलो, गरम गूळ पानावर घेतला, हात चिकट झाले म्हणून पाटाच्या पाण्यात धुतले. पाणी इतकं होतं की कुणी पाट बंद करायलाही उठत नव्हतं. तिथून पुढे तासाभरात ऊस संपला. जमीन आधी तांबूस झाली, मग पांढरी, मग नुसते दगड, आणि मधूनमधून बाभळी आणि बोरी. एका जिल्ह्यात एवढं अंतर. देवस्थळी टिपणवहीत काहीतरी लिहीत होते. मला मात्र उगाच त्या पाटात हात धुतल्याचं वाईट वाटत राहिलं.

वाटेत एका सरकारी कार्यालयात थांबून त्यांनी एक पत्र घेतलं. गोल शिक्क्याचं. "गावात कागद लागतो. कागदाशिवाय ही माणसं बोलत नाहीत," ते म्हणाले. हे साफ खोटं निघालं. ती माणसं कागदाशिवायच बोलतात. कागद पुढे केला की गप्प होतात.

गाव

पेव म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगते. पांढऱ्या मातीच्या घट्ट जमिनीत दोन-अडीच पुरुष खोल खड्डा घेतात. तोंड एका माणसापुरतं, आत पोट रांजणासारखं. आतून जाळ करून सुकवतात, शेणाने लिंपतात, कडब्याचा थर देतात आणि मग धान्य ओततात. तोंडावर शिळा, शिळेवर माती. आत हवा नाही, की किडा नाही. वर्षानुवर्षं धान्य राहतं. पूर्वी गावोगाव पेवं होती. रेशनची दुकानं आली, पोती आली, पत्र्याच्या कोठ्या आल्या, आणि पेवांत लोक कचरा टाकू लागले. या एका गावात मात्र सबंध गावाचं मिळून एक भरलेलं पेव आहे, असं कुणीतरी देवस्थळींना सांगितलं होतं. त्यासाठी आम्ही आलो होतो.

ते पेव सांभाळणारे नाना. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे, काटक, चावडीसमोर खाटेवर ताठ बसलेले. आम्ही 'नमस्कार' म्हणायच्या आत चहा आला. मग शेंगा आल्या, मग पुन्हा चहा. वाईच्या माणसाला हे फार जड जातं. घेणार का, असं कुणी विचारतच नव्हतं, त्यामुळे नको म्हणायला जागाच नव्हती.

नानांनी आम्हाला चावडीमागे नेलं. शिळेवर माती चोपून बसवलेली, वर गवत उगवून वाळलेलं.

"हे कधी भरलं?" मी विचारलं.

"तीन सालांमागं. शाळू लय झकास आला हुता तवा. घरटी फिरलो बाई. कुनी चार पायल्या दिल्या, कुनी बारा. पोरं हसली मला. म्हनली, नाना, रेशन दुकान हाय की, ह्ये म्हातारचाळं कशाला? म्या म्हनलं, दुकान टाळं लावून जातंय, पेवाला पाय न्हाईत. कशीबशी तयार केली समद्यास्नी. पुन्यांदा न्हाई व्हायची."

"आणि उघडायचं कधी?"

"दोन सालं पावसानं लागोपाठ दगा दिला तर. तेबी समदी घरं जमवून. कुनी किती घातलं ते इचारायचं न्हाई, उगडलं की मानसामागं सारकं वाटायचं. बारा पायल्यावाला आन चार पायल्यावाला एकच. आमच्या बा-आज्यानं ह्येच केलं."

मी उभ्या उभ्या हे लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता मला कळलं की आम्ही जे शोधायला निघालो होतो ते हेच. यापुढे काही मोजायचं राहिलेलं नव्हतं. तिथूनच जीप वळवली असती तर मी आज तुम्हाला त्या गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं असतं.

पण पाठाऱ्यांची निळी पेटी होती. आतलं तापमान, आतली आर्द्रता. माझ्या पिशव्या होत्या, तीन वर्षं जुनं धान्य उगवतं का ते बघायला. आणि देवस्थळींना फोटो हवा होता. ते म्हणाले, "नाना, पेव उघडून आतून बघावं लागेल."

 नानांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. बरोबर सरपंच होते, आणखी दहाबारा माणसं होती. कुणीच बोलेना. देवस्थळींनी खिशातून पत्र काढून सरपंचांना दिलं. सरपंचांनी शिक्का बघितला आणि ते नानांकडे दिलं. नानांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि मग सगळ्यांना ओलांडून माझ्या हातात ठेवला.

"बाई, तुमी वाचा. ही आर्डर हाय का इनंती?"

मी वाचलं. 'सदर पथकास पाहणीकामी सर्वतोपरी सहकार्य करावे, ही विनंती.' शेवटचा शब्द विनंती होता. तो माझ्या अंगठ्याखाली होता. मी देवस्थळींकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघत होते. आणि खरं सांगायचं तर मलाही आत बघायचं होतं. माझ्या पिशव्यांवर मी पुण्याहूनच नंबर टाकून आणले होते.

"सहकार्य करा, असं आहे त्यात," मी म्हटलं.

नानांनी मान हलवली. पुन्हा विचारलं, "म्हंजी आर्डरच की."

मी गप्प बसले. ही दुसरी वेळ.

दुसऱ्या दिवशी

सकाळी शिळा हलवली. घरटी एक माणूस उभा होता, बायाही आल्या होत्या. शिळा सरकली तसा आतून आंबूस, कोंदट वास वर आला आणि पुढची माणसं मागे सरली. नानांनी पेटता कंदील दोरीने खाली सोडला. तीन हातांवर तो विझला.

पाठारे थर्मामीटर घेऊन तोंडाशी वाकले. नानांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. चांगलंच ओढलं, पाठारे बसलेच. "सायेब, खाली हवा न्हाई. मानूस बसल्या जागी जातोय. कंदील जळंस्तवर थांबायचं."

थांबलो. दहा वाजले, अकरा वाजले. अधूनमधून कंदील खाली जाई आणि विझून वर येई. गावातली माणसं घोंगडी झटकून आत वारा घालत होती. देवस्थळी घड्याळ बघत होते, सांगलीला आम्हाला रात्री जेवायला बोलावलं होतं. चार तासांनी कंदील तळापर्यंत जळत गेला. मग पाठाऱ्यांनी यंत्रं सोडली आणि आकडे लिहून घेतले. चार तास तोंड उघडं ठेवून, घोंगड्यांनी वारा घालून मग आतली हवा मोजली. म्हणजे मोजली ती बाहेरचीच. हे शेंबड्या पोराला कळेल. तिथे दोन पीएच.ड्या आणि एक इंजिनिअर उभा होता.

मी माझ्या पिशव्या भरून घेतल्या. नानांची बायको, तिला सगळे अक्का म्हणत, माझ्या शेजारी उभी होती. "काय करनार ह्येचं?"

"पेरून बघणार, उगवतं का."

"पेवातलं उगवत न्हाई बाई," ती म्हणाली. "उबंनं कोंब मरतंय. पेवातलं खायाचं. पेराया येगळं ठेवत्यात." तिने हे अगदी सहज सांगितलं. पुढे प्रयोगशाळेत मी तीन महिने घालवून तेच सिद्ध केलं.

फोटो झाले. नाना पेवाच्या तोंडाशी, हातात कंदील. मग देवस्थळींनी हात झटकले. "उत्तम. बंद करून घ्या आता."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. "आता कशाचं बंद?"

"म्हणजे?"

"हवा लागली सायेब. वल लागली. आता बंद केलं तर आतल्या आत सडंल. पंधरा दिसात सोंडकिडं पडत्याल. एकडाव उगडलं की उगडलं. आता काडायचं आन खायाचं."

देवस्थळी म्हणाले, "मग तुम्ही आधी बोलला का नाही?"

हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिलं आहे. या वाक्याचा मला आजही संताप येतो, आणि त्यातला निम्मा स्वतःचा येतो, कारण नाना बोलले होते. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

दुपारभर धान्य वर येत होतं. टोपल्या वर यायच्या, पायलीने मोजून पदरात, पोत्यात, घमेल्यात पडायच्या. सगळ्यांना सारखं. नियम मोडला तरी वाटणी नियमाने.  सुगी तोंडावर, घरोघरी नवा शाळू येऊ घातलेला, आणि या वेळी तीन वर्षांचा जुना दाणा घरात न्यायचा. ज्याला त्याची गरज नव्हती त्या महिन्यात तो त्यांच्या गळ्यात पडला होता. एक तरुण माणूस पोतं खांद्यावर घेताना हसून म्हणाला, "झालं नाना. आता म्हातारचाळं मिटलं." नाना खाली बघून पायली ओतत राहिले.

दुपारी उशिरा जेवायला नानांच्याच घरी होतो. आम्हाला वाटलं होतं, आमच्यावर कुणी बोलेल. उलट पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा आणि त्याच पेवातल्या शाळूच्या भाकरी. त्या भाकरीला पेवाचा वास येतो, जरासा आंबूस. पहिल्या घासाला अडखळायला होतं, मग काही वाटत नाही. देवस्थळींनी अर्धी भाकरी ताटात सोडली आणि वर रुमाल झटकून म्हणाले, "पोट भरलं." अक्काने ते ताट उचललं. तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझी संपवली. त्यात मोठं काही केलं नाही, पण तेवढंच करता येण्यासारखं होतं.

सांगली

सांगलीत कृष्णेकाठी हळदीची पेवं आहेत. तिथे ओळीने पेवांची तोंडं, त्यावर खुणा, आणि कामाला पिढीजात हमाल. सकाळी आम्हाला मारुती नावाचा हमाल भेटला, खांदे हळदीने पिवळे झालेला. बाजूच्या चहाच्या टपरीवर बसून मी त्याला विचारलं, "पेव भरलेलं असताना कुणाला माल बघायचा असेल तर?"

"नमुना असतोय की. पेव भरतानाच दोन मुठी काडून पिशवीत ठेवत्यात, वर पेवाची खून. गिऱ्हाईक नमुना बगून माल घेतंय. पेव कशाला फोडायचं?"

"आणि मालकानंच म्हटलं, उघड, मला बघायचंय?"

तो हसला. "मालकालाबी देत न्हाई आमी. म्हनतो, मालक, नेनार असला तर उगडतो. बगायला काय हाय त्यात?"

"देवस्थळी सर, ऐकलंत?" मी म्हटलं.

"फारच रोचक," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

दोन मुठी. बाजूला काढून ठेवलेल्या दोन मुठी आम्हाला पुरल्या असत्या. नंतर मी चौकशी केली, अक्काच्या घरात शिंकाळ्यात तसं एक गाडगं होतंच. पेव भरतानाचा शाळू तिने त्यात काढून ठेवला होता, त्यांच्याकडेही तीच रीत. आम्ही विचारलंच नाही. सांगली आधी केली असती, या माणसाबरोबर एक चहा आधी प्यायलो असतो, तर विचारलं असतं. पण विश्रामगृहाचं बुकिंग होतं.

संध्याकाळी घाटावर बसलो होतो. नदीला पाणी बेताचं, पलीकडे म्हशी. पाठाऱ्यांनी भडंगाचा पुडा आणला होता. देवस्थळी म्हणाले, "तसा प्रवास यशस्वी झाला."

माझा तोल गेला. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही, पण त्या दिवशी घाटावर धुणं धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, "सर, गाव कशावर तगतं ते बघायला आलो आणि ज्याच्यावर तगतं तेच उघडून बसलो. डॉक्टरने पेशंटचं हृदय चालतंय का ते बघायला काढून हातात घ्यावं, तसं केलं आपण."

"बाई, तुम्ही भावनिक होताय. ते पुन्हा भरतील. तीच तर त्यांची पुनःस्थापनक्षमता."

पाठारे भडंग चावायचे थांबले. मी उठले आणि एकटीच चालत विश्रामगृहावर आले. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही. पण अहवालावर सही केली. तेही लिहायला हवं. सही केली, कारण माझ्या बढतीला तो अहवाल लागत होता.

पुन्हा

अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर कंदील हातात घेतलेले नाना. आत एक वाक्य होतं, 'गावाचे सामाईक पेव आजही सुस्थितीत असून अन्य गावांना अनुकरणीय आहे.' त्यावर देशभरातून कौतुकाची पत्रं आली. परिषदांचं तर पेवच फुटलं.

आणि त्या वर्षी पाऊस झाला नाही. पुढच्या वर्षीही झाला नाही.

दसऱ्यानंतर मी रजा टाकून एकटीच गेले. विट्यापर्यंत एस.टी., पुढे दुधाच्या गाडीतून. गावात टँकर येऊन गेला होता, हंड्यांच्या रांगेखालची माती तेवढी ओली होती. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. चावडीसमोर खाटेवर नाना होते, तसेच ताठ, जरा बारीक झालेले. मला बघून अक्काला हाक मारली, "अगं, पुन्याच्या बाई आल्यात." चहा आला. काळा होता, दूध नव्हतं.

मी चावडीमागे गेले. पेवावर शिळा होती. शिळेवर माती नव्याने चोपून, सारवून बसवलेली. मी आनंदाने ओरडलेच. "नाना, भरलंत पुन्हा?"

"कशाचं भरतोय? रिकामं हाय."

"मग हे सारवलेलं?"

नाना शिळेच्या कडेला बसले. "चार म्हयन्यामागं एक जीप आली. लांबची मानसं. हातात तुमचं पुस्तक. माजा फोटू दावून म्हनली, ह्ये पेव बगायचंय, उगडा. त्यांच्याजवळबी कागुद हुता शिक्क्याचा. आदल्या दिशी सरपंचाला सांगावा आला हुता, तवा म्या रातोरात न्हाई, पर सकाळच्या पारी उटून माती चोपली. समद्यास्नी बोलावलं. त्यांच्यातल्या एका पोरीला म्हनलं, बाय, वाच ह्ये, समद्यांम्होरं वाच. आर्डर हाय का इनंती?"

"मग?"

"तिनं वाचलं. म्हनली, इनंती हाय आजोबा. तवा म्या म्हनलं, मंग न्हाई उगडायचं. गेली ती. काय बोलली न्हाईत."

"पण नाना, आत तर काही नव्हतंच."

"व्हय. पर न्हाई म्हनून बगायचं हुतं एकडाव."

 मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. "नाना, त्या दिवशीच्या कागदातही विनंतीच होती."

"म्हाईत हाय."

"तुम्हाला वाचता येत होतं?"

"फौजेत काडली की सव्वीस सालं. आर्डर आन इनंती वळखू येत न्हाई व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्या हवालदार मानूस. समद्यांम्होरं सायबाचा कागुद नाकारला तर उद्या सरपंचाला तरास. तुमी इनंती म्हनला असता तर म्या न्हाई म्हनलो असतो. त्येच्यासाटी कागुद तुमच्या हातात दिला. त्या तिगांत मला तुमीच वाटला हुता."

 वाईची कुठलीच तऱ्हा तिथे उपयोगी पडली नसती.

जेवायला अक्काने पोळ्या केल्या होत्या. रेशनच्या गव्हाच्या, काळपट, मधेच खडा लागणाऱ्या. शाळूच्या गावात गव्हाची पोळी करताना तिचा हात अवघडत होता, ते मी चुलीपाशी बसून पाहत होते. कालवण म्हणून नुसतं मिरचीचं पाणी. शिंकाळ्यात ते गाडगं होतं, अजून तोंड बांधलेलं. त्यात दोन मुठी शाळू होता आणि तेवढाच त्या गावाचा उरला होता. मी त्याच्याकडे बघते आहे हे अक्काच्या लक्षात आलं.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "त्ये मागू नका."

मी मान हलवली आणि ताटातली पोळी सगळी संपवली.